हाताने ढकलायच्या लॉन मोव्हरचा सुटा दांडा : कामाची दुसरी नोंद

मागील नोंदीत मोव्हरच्या रीलची, म्हणजे गोल फिरून गवत कापणाऱ्या भागाची, पाती धारेला लावून झाल्याचे लिहिले होते. त्यानंतरचे सहा आठवडे केवळ दांड्याच्या कामात गेले आणि त्यातले पहिले तीन एका चुकीच्या जोडापायी वाया गेले. ती चूक सविस्तर लिहितो, कारण जुने यंत्र घरात ठेवायला जागा नाही म्हणून ते भंगारात घालण्याच्या विचारात असलेल्या अनेकांना दांडा कापण्याचाच मार्ग प्रथम सुचतो.

यंत्र १४ इंची आहे, म्हणजे एका फेरीत तेवढ्या रुंदीचा पट्टा कापते. चाकांच्या आसापासून मुठीपर्यंत दांड्याची लांबी १२५ सेंटिमीटर भरते. नाशिकच्या आमच्या घरात ते ठेवण्यासारखी एकच कोरडी जागा आहे, ती म्हणजे जिन्याखालचे कपाट. ते १ मीटर रुंद, ७० सेंटिमीटर उंच आणि ५५ सेंटिमीटर खोल आहे. दांडा कायमचा आखूड करून भागत नाही. ४५ अंशांच्या तिरपेपणात १२५ सेंटिमीटरच्या दांड्याची मूठ जमिनीपासून साधारण १ मीटरवर, म्हणजे कमरेच्या जरा वर येते, आणि त्याच उंचीवरून अंगाचा भार लावून ढकलता येते. एडविन बडिंग यांनी इंग्लंडमधील स्ट्राउड येथे १८३० साली कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून या यंत्राची कल्पना उचलली, तेव्हापासून मागून ढकलायचा लांब दांडा त्याला आहे तो याच कारणाने. म्हणून लांबी तशीच ठेवून दांडा सुटा करणे, म्हणजे त्याचे दोन तुकडे करून ते आतल्या एका बारीक पाइपाने जोडता-काढता येतील असे करणे, एवढाच पर्याय राहिला.

आमच्या यंत्राचा मूळचा लाकडी दांडा पूर्वी कधीतरी मोडला असावा, कारण रंग खरवडल्यावर खाली पाऊण इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप निघाला. ही सोयीची गोष्ट ठरली. मध्यम जाडीच्या पाऊण इंची पाइपाचा आतला व्यास सुमारे २१.७ मिलिमीटर असतो आणि अर्धा इंची पाइपाचा बाहेरचा व्यास सुमारे २१.३ मिलिमीटर, त्यामुळे एक दुसऱ्यात जवळजवळ नेमका बसतो. अडथळा एकच, तो म्हणजे मोठ्या पाइपाच्या आत लांबीभर उभी असणारी वेल्डिंगची शिवण. मी गोल कानशीने ती घासून काढली आणि इथेच पहिली चूक झाली. कानस शिवणीपुरती थांबली नाही, तिने बाजूची भिंतही खाल्ली आणि पाव-अर्धा मिलिमीटरची फट वाढून १ मिलिमीटरवर गेली.

दुसरी चूक हिशेबाची होती. दांड्यावर फक्त ढकलण्याचा जोर येतो असे मी धरून चाललो होतो, म्हणून जोडाचा अर्धा इंची पाइप दांड्याच्या वरच्या तुकड्यात १० सेंटिमीटरच शिरवला आणि दोन्हीकडे एकेक बोल्ट घातला. प्रत्यक्षात वळण घेताना आपण मूठ खाली दाबून यंत्र उचलतो आणि त्या वेळी जोडावर वाकवण्याचा जोर येतो. १० सेंटिमीटरच्या बसणीत १ मिलिमीटरची फट असेल, तर ८० सेंटिमीटर वर असलेल्या मुठीशी ती ८ मिलिमीटर होते. तीन वेळा हिरवळ कापल्यावर बोल्टची भोके लांबट झाली. हरळीवर आडव्या पट्ट्या उमटू लागल्या, कारण ढकलण्याचा झटका आधी ती ढिलाई भरून काढत असे आणि मग रीलपर्यंत पोहोचत असे.

दुसऱ्या खेपेस नवा अर्धा इंची पाइप घेतला आणि शिवणीला हात न लावता या आतल्या पाइपाच्याच पाठीवर, शिवण येते तिथे, लांबीभर सपाट पट्टा घासला. त्यामुळे शिवण त्या पट्ट्यात बसते आणि वरचा तुकडा फिरत नाही. या कामातली मला सर्वांत समाधान देणारी गोष्ट हीच आहे. पाइप वरच्या तुकड्यात आता २० सेंटिमीटर शिरतो. तोंडाशी कानशीने रुंद झालेला भाग शीतपेयाच्या डब्याचा पातळ पत्रा दोन वेढे गुंडाळून भरला. खालच्या बाजूस बोल्ट न घालता सातपूरच्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डिंग करून घेतले: बाहेरच्या पाइपाला दोन भोके पाडून त्यांतून वेल्ड भरला आणि कडेने एक फेर दिला. वेल्डिंगपूर्वी दोन्ही पाइपांवरचा जस्ताचा थर चार-पाच सेंटिमीटरपर्यंत पूर्ण घासून काढावा, कारण जळत्या जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो. हे काम उघड्यावरच करावे.

वरच्या बाजूस ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट, एकमेकांपासून १२ सेंटिमीटरवर आणि एकमेकांशी काटकोनात, घातले आहेत. दोन्ही पाइप जागेवर बसवून भोके एकदमच आरपार पाडली. विंग नट असल्याने पान्हा लागत नाही, आणि बोल्ट हरवू नयेत म्हणून प्रत्येकाला बारीक साखळी लावली आहे.

दांड्याचे आता ४० आणि ८५ सेंटिमीटरचे दोन तुकडे होतात. खालच्या तुकड्यातून आतला पाइप २० सेंटिमीटर वर डोकावतो, तेव्हा तो उभा ठेवला तर उंची ७२ सेंटिमीटर भरते आणि कपाटात दोन सेंटिमीटर कमी पडतात. म्हणून दांडा यंत्राला जोडणारे बेचके खालच्या तुकड्यासकट पुढे रीलवर वाकवून ठेवतो. वरचा तुकडा कपाटाच्या छताशी दोन सॅडलमध्ये (पाइप धरणाऱ्या पट्ट्यांत) आडवा राहतो. जुन्या बागेच्या पाइपाचे तुकडे लांबीत चिरून पात्यांवर चढवले आहेत, कारण कपाटात हात घालताना पाते लागण्याचा धोका खरा आहे. रेक्झिनचे आवरण मुद्दाम टाळले. पावसाळ्यात त्याच्या आत ओल कोंडते आणि एका रात्रीत पात्यांवर तांबूस गंजाची साय धरते. त्याऐवजी प्रत्येक वेळी पाती पुसून तेलाचा हात फिरवतो.

चार वेळा हिरवळ कापून झाली आहे. जोड घट्ट आहे आणि आडव्या पट्ट्या गेल्या आहेत. मात्र वरच्या तुकड्यातल्या दोन बोल्टपैकी खालच्या बोल्टपाशी डब्याच्या पत्र्याची कड किंचित बाहेर सरकलेली दिसते. पुढच्या आठवड्यात तो पत्रा काढून त्याच्या जागी पातळ पितळी पत्रा लावणार आहे, आणि वेल्डच्या जागेवर रेड ऑक्साइडचा दुसरा हात द्यायचा राहिला आहे.