वही, खोडरबर आणि डोंगर

आमच्या घरात सहलीची एक वही आहे. शाळेची उरलेली, चौकटीची, मागच्या पानांवर थोरल्याचे गुणाकार असलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीला दोन महिने उरले की ती कपाटातून बाहेर येते आणि घरातली माणसं माझ्याशी जरा जपून बोलायला लागतात. मला आखणीचा नाद आहे. नवऱ्याची आखणी एका वाक्यात आटपते: "जाऊ तर खरं, मग बघू." गेली बारा वर्षं तो हे म्हणतोय आणि गेली बारा वर्षं, पोचल्या पोचल्या, टॉवेल कुठल्या बॅगेत आहेत हे मलाच विचारतोय.

या वर्षी डोंगर ठरला. समुद्राचं एक मत ऐन वेळी फुटलं. डोंगरावर ढगाला हात लावता येतो असं कुणीतरी धाकटीला सांगितलं होतं. ते कुणीतरी मीच. डोंगरावरचं धुकं म्हणजे पुष्कळदा ढगच असतो, तेव्हा ही काही अगदीच थाप नव्हे.

पहिलं काम राहायची जागा शोधण्याचं. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत 'दरीच्या अगदी काठावर, प्रशस्त गच्ची' हे वाचून मी पाच मिनिटांत पैसे भरले होते. आता तेच वाक्य वाचलं की पोटात गोळा येतो. गच्चीचा फोटो मोठा करून करून मी कठड्याचे गज मोजते. दोन गजांमधून डोकं जाईल का? डोकं गेलं तर परत येईल का? थोरल्याचं एकदा गेलं होतं, घरच्याच जिन्याच्या कठड्यात, आणि साबणाच्या पाण्याने बाहेर आलं होतं. तेव्हा दरी बाद. दरी लांबून बघायची, अंगण मात्र सपाट हवं. चेंडू टाकला तर निदान दोन मिनिटं तरी तो आपल्या डोळ्यांसमोर राहील एवढं सपाट. डोंगरावर अशी जागा शोधणं म्हणजे काय हे ज्याने शोधलीय त्यालाच कळेल.

मग नकाशा. उंचीच्या रेषा असलेला छापील नकाशा मी जमिनीवर पसरला. धाकटी त्याच्यावर पालथी पडली आणि विचारती झाली, "हा एवढा मोठा ठसा कुणाच्या अंगठ्याचा?" मी बघतच राहिले. खरंच, एकात एक वळत गेलेल्या त्या तपकिरी रेषा हुबेहूब बोटाच्या ठशासारख्या दिसतात. तिला सांगितलं की एका रेषेवरून चालत राहिलं तर चढ नाही की उतार नाही, आणि रेषा जिथे एकमेकींना चिकटल्यात तिथे दम लागतो. तिने लगेच बोट ठेवून सगळ्यात विरळ रेषांची जागा शोधली. "आपण इथेच राहू."

गावं दिसतात बोटभर अंतरावर. पण रस्ता वळणावळणांनी चढतो, कारण चढ वाहनांना झेपेल इतका सौम्य ठेवायचा तर लांबी वाढवण्यावाचून इलाज नसतो. थोरल्याने शिवणाच्या डब्यातला दोरा आणला आणि रस्त्याच्या प्रत्येक वळणावर नखाने दाबत दाबत तो बसवला. मग दोरा उचलून पट्टीवर ताणला. बोटभराची वीतभर झाली. मी वहीत 'प्रवास: दीड तास' लिहिलं होतं. पहिल्यांदा खोडरबर हातात घेतला तो तेव्हा.

वळणं म्हणजे उलट्या, हे ओघानेच आलं. दोन ते बारा या वयात गाडी लागण्याचा त्रास जास्त होतो, म्हणजे आमची दोन्ही पात्रं नेमकी पट्ट्यात. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, मांडीवरच्या चित्रांच्या पुस्तकात खुपसलेले डोळे सांगतात की नाही बुवा, आणि या भांडणाचा निकाल पोट लावतं. म्हणून पुस्तक, मोबाइल बंद. समोर लांब बघायचं. पोट रिकामं नको, तुडुंबही नको. आणि एक गोष्ट अनुभवाने सांगते: जी पिशवी हाताशी ठेवाल ती निघण्यापूर्वी तोंडाने फुगवून बघा. तिला भोक आहे की नाही हे कळण्याची वेळ एकदाच येते, आणि ती चुकीची असते.

खरा पेच चालण्याच्या वाटांचा. इथे मला मागच्या डोंगरसहलीचं सांगायलाच हवं.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा हिशेब मांडला. दर तीन मैलांना एक तास, आणि वर चढायच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आपल्या मापात, साधारण पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढाला एक तास. अजूनही डोंगरात जाणारे लोक हा हिशेब करतात. मीही केला होता. अडीच किलोमीटरची वाट, तीनशे मीटर चढ, म्हणजे एक तास. मुलं आहेत म्हणून उदार होऊन दोन तास धरले. वहीत लिहिलं: 'सात ते नऊ, शिखर. नऊ वाजता खाऊ.'

सात वाजून वीस मिनिटांनी आम्हाला शेणकिडा भेटला.

काळा, अंगठ्याच्या नखाएवढा. डोकं खाली, मागचे पाय शेणाच्या गोळीवर, आणि उलटा चालत तो गोळी चढावर ढकलत होता. गोळी त्याच्यापेक्षा मोठी. वाटेत एक वाळलेली काडी आडवी होती. गोळी काडीपर्यंत जायची, अडायची, किडा जोर लावायचा, आणि दोघं मिळून गडगडत वीतभर खाली यायचे. तो क्षणभर गोंधळायचा, गोळीवर चढून एक फेरी मारायचा आणि परत लागायचा. थोरला उकिडवा बसला. धाकटी पोटावर झोपली, नाक जमिनीला. चौथ्या वेळी गोळी पडली तेव्हा तिने "अरे अरे अरे" असा आवाज काढला जो तिने माझ्यासाठी कधी काढलेला नाही. मी म्हटलं, काडी उचलूया का? दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने दगडावर बसले. सातव्या वेळी तो बाजूने वळसा घालून गेला. टाळ्या झाल्या. घड्याळात आठ वाजून गेले होते आणि आम्ही वाटेच्या तोंडापासून इतके जवळ होतो की उभी केलेली गाडी दिसत होती.

शिखर राहिलं. मी दिवसभर धुमसत होते, हे कबूल करते. वहीत 'शिखर' खोडताना कागद फाटला. पण मुलांना आज त्या सहलीतलं काय आठवतं विचारा, ती किड्याचं सांगतील, आणि काडीची जाडी बोटांनी दाखवतील. नेस्मिथचं काही चुकलं नव्हतं, त्याच्या हिशेबात मुलं नव्हती इतकंच. म्हणून या वर्षी वाटा निवडताना शिखर कुठल्या वाटेवर आहे हे मी बघतच नाही. ओढा कुठे लागतो ते बघते. चढण्यासारखे मोठे दगड, सावली, आणि कुठूनही मागे फिरता येईल अशी वाट. एका दिवसात एकच वाट. उरलेली दुपार कोरी.

दुपार कोरी ठेवण्याला आणखी एक कारण आहे. उन्हाने उतार तापतात, गरम हवा डोंगराच्या कडेकडेने वर चढते, वर गेल्यावर थंड होते आणि तिचे ढग धरतात. म्हणून सकाळी लख्ख असलेलं डोंगरावरचं आभाळ दुपारी काळवंडतं, कधी गडगडायलाही लागतं. विजा सुरू झाल्यावर उघड्या माथ्यावर मुलांना घेऊन धावायची माझी तयारी नाही. लवकर निघायचं, जेवायच्या आत परतायचं. आणि उठवायची चिंता नाही. शाळेच्या दिवशी जी पोरं हलवून हलवून उठत नाहीत ती सुट्टीत साडेपाचला तुमच्या पापण्या वर करून बघतात, जागे आहात का म्हणून.

कपड्यांवरून दरवर्षी वाद होतो तो यंदा आकड्यांनी मिटवला. दर हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. दोन हजार मीटरवर जायचं तर खालच्यापेक्षा तेरा अंश कमी. नवरा म्हणाला, "मग स्वेटर घ्या." हे मी तीन दिवस सांगत होते, पण माझ्या सांगण्यात दशांश चिन्ह नव्हतं. उलट गंमत अशी की गारव्यामुळे ऊन जाणवत नाही आणि अतिनील किरण मात्र दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. सोललेलं लाल नाक घेऊन परतणारी मंडळी थंडीच्याच ठिकाणाहून आलेली असतात. स्वेटर आणि टोप्या, दोन्ही.

त्याहून उंच जायचं नाही, हे मात्र मी कुणाला न विचारता ठरवलं. अडीच हजार मीटरच्या वर मुक्काम केला की विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. मोठा माणूस डोकं दुखतंय म्हणतो. चार वर्षांचं मूल नुसतं किरकिर करतं, जेवत नाही, आणि आपण त्याला रागावतो. ही किरकिर आणि रोजची किरकिर यांतला फरक मला ओळखता येईल याची मी खात्री देणार नाही. दोन हजारावरही पाणी त्र्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे शिजायला वेळ लागतो, आणि भुकेल्या मुलाला भौतिकशास्त्र समजावता येत नाही. वहीत 'खाऊ' शब्दाखाली दोन रेघा आहेत.

परवा संध्याकाळी मुलांना मी सोस्यूरची गोष्ट सांगितली. अठराव्या शतकातला जिनिव्हाचा अभ्यासक. आभाळ किती निळं आहे हे मोजायचं म्हणून त्याने निळ्या रंगाच्या फिक्या-गडद छटांचे कागद रंगवले आणि १७८७ मध्ये ते घेऊन तो थेट मॉं ब्लांच्या माथ्यावर गेला. उंचावर डोक्यावरची हवा कमी, म्हणून आभाळ जास्त गडद. मुलांना हे इतकं पटलं की त्याच रात्री जलरंग निघाले. थोरल्याने पट्ट्यांना शिस्तीत एक ते आठ आकडे दिले. धाकटीने नावं दिली. दुसरी पट्टी 'आजीची साडी', पाचवी 'पेनची गळकी'.

आठवी पट्टी तिने काळी केली. नुसती गडद नाही, कुळकुळीत काळी, कागद ओला होऊन वर येईपर्यंत.

"आभाळ असं नसतं," थोरला म्हणाला.

"आपण तिथे रात्री पण राहणार आहोत ना?" ती म्हणाली.

मी वही उघडून पाहिली. सातही दिवसांच्या रकान्यांत रात्री आठपुढे मी एकच शब्द लिहिला होता: 'झोप'. खोडरबर टेबलाखाली गेला होता. वाकून काढावा लागला.