आवाजाकडे बघणारा पीट

“हा नाटक करत नाहीये,” आई म्हणाली. मी पॉज केलं.

रात्री जेवणं झाल्यावर ‘मॅकगायव्हर’ या जुन्या अमेरिकन मालिकेचा शेवटच्या सीझनमधला एक भाग लावला होता. पडद्यावर पीट थॉर्नटन. मालिकेचा नायक मॅकगायव्हर, त्याचा वरिष्ठ आणि जिवाभावाचा मित्र.

“नजर बघ त्याची. माणसाकडे नाही, आवाजाकडे बघतोय.”

आईला काचबिंदू आहे. रोज रात्री तिच्या डोळ्यांत थेंब मीच घालते. तरी मला हे दिसलं नव्हतं.

तिचं बरोबर होतं. पीटचं काम करणारे डेना एल्कार यांची दृष्टी काचबिंदूने खरोखरच जात होती. मालिकेने त्यांना बाजूला केलं नाही, तोच आजार पीटला दिला. १९९२ मध्ये मालिका संपली, तोपर्यंत पीट होताच.

माझं प्रेम कायम मॅकगायव्हरवर. तो स्विस चाकू, चिकटपट्टी, आणि बंदुकीला हात न लावण्याचा हट्ट! लहानपणी बंदुकीच्या अपघातात मित्र गेला, म्हणून. हे सगळं मला तोंडपाठ. आणि ज्याच्या भरवशावर तो जगभर फिरायचा, त्या पीटकडे मी कधी नीट पाहिलंच नाही.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्याला कामावर ठेवलं, हे बरं केलं.”

निवृत्तीआधी तीन वर्षं तिने नोकरी सोडली होती. डोळ्यांमुळेच. तेव्हा ऑफिसात तिला कुणी थांब म्हणालं होतं का, हे मी आजवर विचारलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणाला पीट आठवतो का?