कालचे ४ कोटी ६२ लाख, आजचे ४,६२०

आमच्या दुकानाच्या गिऱ्हाईक असलेल्या आंटींनी पैसे जमा असल्याचं त्यांचं कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं, आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाकीचे कुठं गेले?"

तारीख ३ जुलै २००७, मंगळवार, सकाळचे साडेनऊ पण वाजले नव्हते. जागा अक्रा, घानाची राजधानी, माकोला मार्केटपासून चालत दहा मिनिटांवर आमचं होलसेलचं दुकान होतं, भांड्यांचं. ॲल्युमिनियमची पातेली, इनॅमलची ताटं, बादल्या, बराच माल भारतातून यायचा, टेमा बंदरात कंटेनर उतरायचा आणि तिथून आमच्या गोडाऊनला. मी २००४ पासून तिथं अकाउंट्स आणि कॅश बघत होतो.

दोनच दिवस आधी, रविवारी १ जुलैला, घानानं आपल्या सेडीवरची चार शून्यं काढून टाकली होती. जुने १०,००० सेडी म्हणजे नवीन १ घाना सेडी, आणि त्या एका सेडीचे १०० पेसेवा. आधी काय परिस्थिती होती ते सांगितल्याशिवाय हे कळणार नाही. डॉलरला ९,००० च्या वर सेडी मोजावे लागायचे आणि सगळ्यात मोठी नोट होती २०,००० ची, म्हणजे जेमतेम दोन डॉलरची. ती पण २००२ ला आली, त्याच्याआधी ५,००० हीच सगळ्यात मोठी. आता विचार करा, एखादी बाई कंटेनरमधला माल उचलायला येणार तर पैसे आणणार कशात? तर त्या चौकड्याच्या प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या असतात ना, आपल्याकडं एसटी स्टँडवर पण दिसतात, तिकडं त्यांना 'घाना मस्ट गो' म्हणतात (१९८३ ला नायजेरियानं घानाच्या लाखो लोकांना हाकलून दिलं तेव्हा ते आपला संसार ह्याच पिशव्यांत भरून परत आले, ते नाव आजपर्यंत चिकटलंय), त्या पिशवीत नोटांची बंडलं भरून आणायच्या. आम्ही दोघं-तिघं दिवसभर नुसते मोजत बसायचो. मशीन गरम होऊन थांबायचं, मग हातानं. एक्सेलमध्ये महिन्याची बेरीज रकान्यात मावायची नाही, नुसते हॅश यायचे.

त्यामुळं मला स्वतःला शून्यं जाण्याचा मनापासून आनंद झाला होता. रविवार-सोमवार दुकान बंद ठेवून आम्ही सगळं बदललं, सिस्टिममधले भाव, उधारी, ग्राहकांच्या जमा रकमा, सगळ्याला भागिले दहा हजार. तिथल्या बाजारातल्या बायका थोडे थोडे पैसे आमच्याकडं जमा करत राहायच्या आणि कंटेनर आला की एकदम माल उचलायच्या, त्यासाठी प्रत्येकीचं एक जाड कागदाचं कार्ड असायचं. सोमवारी रात्री दहापर्यंत बसून मी सगळी कार्डं नवीन लिहिली. आंटींच्या जुन्या कार्डावर ४६,२००,००० होते, आपल्या भाषेत ४ कोटी ६२ लाख. नवीन कार्डावर मी लिहिलं ४,६२०.

आंटी तेव्हा पंचेचाळीस-पन्नासच्या असतील. इंग्रजी मोडकंतोडकं, शाळा फारशी नाही, पण आकडा कधी चुकायच्या नाहीत. मी त्यांना भिंतीवरचं पोस्टर दाखवलं, किंमत तीच आहे असं सरकार महिनोन्महिने रेडिओवर, टीव्हीवर सांगत होतं, मी पण तेच सांगितलं. दोनदा सांगितलं. त्या मोठ्यानं काही बोलल्या नाहीत, भांडल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "सन (म्हणजे बेटा), हे वाक्य मी आधी ऐकलंय."

मग त्यांनी जे सांगितलं ते अर्धं इंग्रजीत, अर्धं ट्वी भाषेत, आमच्या सिनियर कॅशियरनी मध्ये मध्ये समजावून दिलं. मार्च १९७९. आंटी तेव्हा आईच्या हाताखाली माकोलात गाळ्यावर बसायच्या. तेव्हाच्या लष्करी सरकारनं अचानक जाहीर केलं की जुन्या नोटा बाद, बदलून घ्या, आणि बदलून देताना ५,००० सेडीपर्यंत १० ला ७ आणि त्याच्यावरच्या रकमेला १० ला ५. म्हणजे घरात रोख ठेवणाऱ्याचे पैसे सरकारनं काउंटरवरच कापून घेतले. बाजारातली बाई रोख ठेवणार नाही तर काय करणार, तिचा धंदाच रोखीचा. त्याच वर्षी जूनमध्ये रॉलिंग्ज ह्या लष्करी अधिकाऱ्याचा उठाव झाला आणि ऑगस्टमध्ये सैनिकांनी माकोला नंबर वन मार्केट जमीनदोस्त केलं, महागाई ह्या बायकांमुळंच आहे म्हणून. आंटींच्या आईचा गाळा त्यात गेला. पुन्हा उभं राहायला तीन वर्षं लागली आणि १९८२ ला ५० सेडीची नोट, तेव्हाची सगळ्यात मोठी, बाद झाली. बँकेत जमा करायची आणि पावती घ्यायची. आईनं ती पावती बायबलमध्ये ठेवली होती म्हणे, आई गेली तरी पावती तिथंच होती.

मी गप्प झालो. खरं सांगतो, तोपर्यंत माझ्या डोक्यात असं होतं की ह्यांना दशांश समजत नाहीये, नीट समजावलं की झालं. त्यांना दशांश माझ्यापेक्षा चांगला कळत होता. त्यांच्या उभ्या आयुष्यात सरकार जेव्हा जेव्हा नोटेला हात लावायला आलं तेव्हा काहीतरी घेऊन गेलं, आणि मी बोट दाखवत होतो कुठं, तर पोस्टरकडं.

त्यांनी सरळ मागणी केली, सगळे पैसे परत द्या, जुन्या नोटांत. जुन्या नोटा ३१ डिसेंबरपर्यंत चालणारच होत्या त्यामुळं त्यांचं काही चुकत नव्हतं, पण ४ कोटी ६२ लाख म्हणजे २०,००० च्या २,३१० नोटा, तेवढ्या आमच्याकडं नव्हत्या कारण शनिवारीच सगळी जुनी कॅश बँकेत भरलेली. मालक गावाला. मी तिजोरी उघडली, नवीन ५० च्या ९२ नोटा आणि एक २० ची अशा ९३ नोटा टेबलावर ठेवल्या. बोटभर जाडीची गड्डी. वर्षभर पिशव्या भरभरून आणलेल्या पैशाची ती एवढीशी गड्डी बघून आंटींचा चेहरा जो झाला तो मी विसरलेलो नाही. त्यांनी हात पण लावला नाही.

मग त्याच म्हणाल्या, "किती पातेली?"

मला आधी कळलं नाही. त्या म्हणाल्या, शनिवारी ह्या पैशात मला किती पातेली आली असती ते सांग, आणि आज किती येतील ते सांग.

त्या नेहमी न्यायच्या त्या मोठ्या पातेल्याचा भाव शनिवारी १,५०,००० होता. मी कागद घेतला, ४६,२००,००० भागिले १,५०,०००, बरोबर ३०८. आता नवीन भाव १५ सेडी. ४,६२० भागिले १५. ३०८. आंटींनी स्वतः पेन घेऊन उलटा गुणाकार केला, दोन्हीकडचा. मग गोडाऊनच्या पोराला हाक मारली आणि म्हणाल्या, २०० बाहेर काढ, आत्ता. त्या उन्हात उभं राहून त्यांनी एकेक पातेलं मोजून घेतलं, दहा-दहाची चळत लावून, टेम्पो भरून होईपर्यंत हलल्या नाहीत. उरले १,६२० सेडी, १०८ पातेल्यांचे. ते राहू दे म्हणाल्या, पण कार्डावर दोन रकाने पाड, जुना आकडा पण लिही आणि नवीन पण. मी लिहिलं, १६,२००,००० आणि शेजारी १,६२०. सही केली, शिक्का मारला.

दुपारपर्यंत ही गोष्ट बाजारात पोचली असणार, कारण त्यानंतर आलेल्या प्रत्येक बाईनं दोन रकाने मागितले. रात्री दहापर्यंत बसून लिहिलेली सगळी कार्डं आम्ही पुन्हा लिहिली आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

संध्याकाळी शटर ओढल्यावर सिनियर कॅशियर आणि मी चहा घेत बसलो. साठीला टेकलेले गृहस्थ, लहानपणी शाळेच्या डब्याला पेनी घेऊन गेलेले. त्यांनी सगळं सांगितलं. इंग्रजांच्या काळात पश्चिम आफ्रिकेच्या चार वसाहतींना मिळून एकच पौंड होता, १९५७ ला स्वातंत्र्य मिळालं आणि १९५८ ला घानाचा स्वतःचा पौंड निघाला, मग १९६५ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमांनी सेडी आणला. पहिला सेडी ८ शिलिंग ४ पेन्सचा, असा विचित्र आकडा का, तर शिलिंगला १२ पेनी धरून त्याच्या बरोबर १०० पेनी होतात. त्यावर एन्क्रुमांचा चेहरा होता. १९६६ ला त्यांची सत्ता उलथवली आणि १९६७ ला 'नवा सेडी' आला १० शिलिंगचा, चेहरा गायब. म्हणजे तेव्हा पण लोकांनी बाजारात नवीन हिशेब शिकलाच. पेसेवा हा शब्द सोनं तोलण्याच्या सगळ्यात बारक्या मापावरून आलाय, आकान लोक सोन्याची पूड पितळेच्या छोट्या वजनांनी तोलून व्यवहार करायचे, आपल्याकडं सोनार गुंज वापरायचे तसं. ट्वीमध्ये पैशाला 'सिका' म्हणतात आणि सोन्याला पण सिकाच.

मी विचारलं, आणि सेडी? त्यांनी खिशातून २०० चं जुनं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. त्यावर कवडी होती. ते म्हणाले, 'सेडिए' म्हणजे ही.

इतकी वर्षं मी ती नाणी पोत्यानं मोजली होती पण कधी नीट बघितलं नव्हतं. मी सोलापूरकडचा, आमच्या देवघरात तुळजापूरच्या देवीची परडी आहे, कवड्यांची माळ आहे, आजी मंगळवारी जोगवा मागायला जाताना ती गळ्यात घालायची. आणि त्या दिवशी मंगळवारच होता. ते पुढं सांगत होते की ह्या कवड्या घानाच्या समुद्रात होत नाहीत, त्या मालदीवच्या, आपल्या बाजूच्या समुद्रातल्या. युरोपातले व्यापारी जहाजं भरभरून त्या पश्चिम आफ्रिकेत न्यायचे आणि त्या मोजून माणसं विकत घ्यायचे, गुलाम म्हणून. आपण कवडीमोल म्हणतो ना कशालाही. तो शब्द त्यानंतर मला सहज वापरता आलेला नाही.

नवीन सेडी सुरुवातीला डॉलरपेक्षा भारी होता, डॉलरला साधारण ९३ पेसेवा, लोकांना फार अभिमान वाटायचा. टिकला नाही, २०११ ला मी परत आलो तेव्हा डॉलरला दीडच्या आसपास होता आणि २०१४ ला तीनच्या वर गेला. बाजारात मात्र मी असेपर्यंत लोक एका सेडीला 'टेन थाउजंड'च म्हणायचे. मला नवल नाही वाटलं, आपल्याकडं १९५७ ला नये पैसे आले तरी माझी आजी शेवटपर्यंत बारा आणेच म्हणत होती. आणि नोव्हेंबर २०१६ ला आपल्याकडं ५०० आणि १,००० च्या नोटा बंद झाल्या तेव्हा आईनं तांदळाच्या डब्यातून काढलेल्या १४ नोटा घेऊन मी बँकेच्या रांगेत उभा होतो, पुढच्या म्हातारबाबांनी तीनदा विचारलं, "तेवढेच मिळतील ना?" तेव्हा मी त्यांना पोस्टर वाचून दाखवलं नाही. त्यांच्या नोटा मोजून कागदावर आकडा लिहून दिला, माझा फोन नंबर लिहिला आणि त्यांचा नंबर येईपर्यंत थांबलो.

आंटींनी उरलेली १०८ पातेली ऑक्टोबरमध्ये उचलली. त्यानंतर पुन्हा पैसे जमा करायला लागल्या, पण एका वेळी पन्नास पातेल्यांच्या वर कधी साठू दिलं नाही. मी निघालो त्या आठवड्यात त्यांचं कार्ड भरलं म्हणून नवीन केलं, आणि त्यांनी काही म्हणायच्या आधीच मी पट्टी घेऊन दोन रकाने आखले.