खिडकीतला टॉवेल

पावसाळ्यात सी-फेसिंग फ्लॅट दाखवायचा नाही, असं आमच्या धंद्यात नवीन पोराला पहिल्याच आठवड्यात सांगतात. नोव्हेंबरात दाखव, संध्याकाळी, सूर्य पाण्याला टेकत असताना. मी वरळी सी-फेसच्या त्या फ्लॅटसाठी मुद्दाम जुलै धरला. साडेचार मीटरच्या वर भरती कोणकोणत्या दिवशी येणार, त्या तारखा महापालिका दरवर्षी जाहीर करते. त्यातला एक दुपारचा मुहूर्त निवडला आणि कोल्हापूरच्या पार्टीला फोन केला, "साहेब, या खेपेला आईंनाही घेऊन या."

साहेबांची फाउंड्री आहे. फेब्रुवारीत फ्लॅट पाहून ते खूश झाले होते. 1,850 चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, पंधरा कोटींवर बोलणी थांबली होती. एवढी रक्कम घालणाऱ्या माणसाला गोड बोलणारे ढिगाने भेटतात. त्या घरात वर्षभर राहून आल्यासारखी माहिती देणारा मात्र क्वचित भेटतो. म्हणून मी एप्रिल-मेमध्ये तिथे चार दुपारी नुसता बसून काढल्या होत्या. तीन वाजता पश्चिमेचं ऊन सोफ्यापर्यंत येतं, एसीच्या बाहेरच्या युनिटचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने पोखरलाय, हे तेव्हाच वहीत लिहून ठेवलं. मालक दोन पार्किंग सांगत होते. त्यातलं एक स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, सोसायटीने वापरायला दिलेलं. बिल्डरला स्टिल्ट पार्किंग वेगळं विकता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगितलंय. मी पार्टीला एकच पार्किंग धरायला सांगितलं.

त्या दिवशी पाऊस आडवा मारत होता. लाटा कठड्यावर आदळून फेस थेट रस्त्यावर पडत होता. मालकांनी हॉल चकाचक ठेवला होता, पडदे ओढलेले. आई मात्र सरळ खिडकीपाशी गेल्या. मी पडदा बाजूला केला. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत एक जाडजूड टॉवेल कोंबलेला होता. मालक माझ्याकडे बघत राहिले. मी टॉवेल ओढून काढला. तो पिळला तर बादली भरली असती. पट्टीत पाणी साचलेलं, अॅल्युमिनियमवर मिठाचे पांढरे डाग, आणि खालच्या लाकडी फ्लोअरिंगची एक फळी फुगून वर आलेली.

"खिडकी गळती व्हय?" आईंनी विचारलं.

"गळते, आई. पाच खिडक्यांच्या चौकटी बदलाव्या लागतील. तो खर्च धरूनच भाव करूया."

साहेब दोन मिनिटं गप्प होते. मग त्यांनी बॅगेतून चेकबुक काढलं. भाव थोडा कमी करून टोकन तिथल्या तिथे द्यायची त्यांची तयारी झाली होती. मालकही राजी दिसले. आणि मीच म्हणालो, "साहेब, चेक आज नको."

सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सभासदत्वाचा दाखला, मालकांच्या नावावर होतं, पण नॉमिनी म्हणून. आई-वडील दोघंही गेलेले, मृत्युपत्र नाही. मागे दोन बहिणी, एक पुण्याला, एक न्यू जर्सीला. नॉमिनीच्या नावावर सोसायटीने सर्टिफिकेट करून दिलं म्हणजे तो एकटा मालक ठरत नाही, वारसांचा हक्क तसाच राहतो. मालक चिडले. "बहिणींना काही नकोय, मी बोललोय त्यांच्याशी." मी म्हटलं, "मग त्या सही करतील. तिघांच्या सह्यांशिवाय मी व्यवहार लावणार नाही." त्यांनी मला दार दाखवलं. जिना उतरताना दोन्ही बाजूंची दलाली डोळ्यांसमोर आली, खोटं कशाला सांगू. त्या वर्षी मुलीची इंजिनिअरिंगची फी भरायची होती.

आठ दिवसांनी मालकांचाच फोन आला. दुसऱ्या एका पार्टीच्या वकिलांनीही हाच मुद्दा काढला होता. मग कामाला लागलो. दोन वर्तमानपत्रांत चौदा दिवसांची जाहीर नोटीस, जुन्या नोंदी तपासून काढलेला सर्च रिपोर्ट, सोसायटीची एनओसी. न्यू जर्सीच्या ताईंनी कॉन्सुलेटमधून मुखत्यारपत्र पाठवलं. ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. त्यांच्या हिश्श्यावरचा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, एक टक्क्याने चालत नाही, अनिवासींच्या दराने कापायचा असतो, तेही सीएला बसवून साहेबांना नीट समजावलं. फ्लॅट फक्त आई आणि वहिनींच्या नावावर घेतला, त्यामुळे मुद्रांक शुल्क सहाऐवजी पाच टक्के लागलं. एका टक्क्याचे जवळजवळ पंधरा लाख वाचले. तेवढ्या पैशांत खिडक्या होणार होत्या.

दिवाळीनंतर दुय्यम निबंधकांकडे अंगठे, फोटो, सगळं पार पडलं. बाहेर पुण्याच्या ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दादा, एकदा घरात जाऊन येऊ का? बाबा गेल्यावर मी तिथे गेलेच नाही." चावी एव्हाना कोल्हापूरच्या आईंच्या पिशवीत होती. मी विचारायच्या आधीच त्यांनी ती काढून ताईंच्या हातात ठेवली. "जा लेकी, सावकाश ये. आम्ही जेवून घेतो."

ताई सव्वा तासाने आल्या. टॉवेलवाल्या त्याच खिडकीच्या बाजूच्या उभ्या चौकटीवर त्यांच्या वडिलांनी पेन्सिलीने तिघा भावंडांच्या उंचीच्या खुणा केल्या होत्या. आईंनी ते ऐकलं आणि मला सांगितलं, "तेवढी एक चौकट बदलू नगंस. टॉवेल लावू आम्ही."