मनगट मोडलं, डबे बंद पडले : इंदूरमधल्या अपघात दाव्याचा माझा अनुभव

मी राजेंद्र नगरमध्ये घरगुती डबे करते. रोजची पोळी-भाजी, गणपतीत उकडीचे मोदक, दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी. रस्ता ओलांडताना वळणावर एका कारने धडक दिली आणि उजव्या मनगटाच्या हाडाचे तुकडे झाले, प्लेट बसवावी लागली. गाडी कॉलेजातला मुलगा चालवत होता. त्याचे वडील दवाखान्यात येऊन हात जोडून म्हणाले, "दीदी, आपस में निपटा लेते हैं, लड़के की ज़िंदगी का सवाल है." 20 हजार देत होते. सासूबाईही म्हणाल्या, "अगं, कुणाच्या पोराचं वाटोळं कशाला करतेस?"

कितीतरी लोक इथेच दावा सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. गाडीचा विमा असेल तर भरपाई विमा कंपनी देते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या गाडीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे त्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा विमा, सक्तीचा आहे, आणि तो माझ्यासारख्या पायी चालणाऱ्यांसाठीच आहे. 1000 ते 1500 सीसीच्या कारला 1 जून 2022 पासूनच्या दराने त्याचा हप्ता वर्षाला 3,416 रुपये. मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची मर्यादा आहे, इजा किंवा मृत्यूच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसलं, तरी कंपनीने आधी जखमीला द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं, असे आदेश अनेकदा होतात. हे सगळं आमच्या ह्यांनी सासूबाईंना नीट समजावलं, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

ह्यांनी सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून विमा चालू असल्याची खात्री केली. दवाखान्यातून एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) झाली, पोलिसांनी तिथेच माझा जबाब घेतला आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 व 125 खाली बेदरकार गाडी चालवून जिवाला धोका केल्याचा गुन्हा नोंदवला. नियमाप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे असे दावे चालवणाऱ्या कोर्टाकडे, द्यायचा असतो. आम्ही तेवढ्यावर विसंबलो नाही. एफआयआर, घटनास्थळाचा नकाशा, जप्तीचे कागद, सगळ्याच्या नकला घेऊन ठेवल्या.

दवाखान्याच्या बाहेर एजंट भेटतात. "क्लेम हम दिलवा देंगे, बस तीस परसेंट." त्यांच्या नादी लागू नका. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत वकिलांना मनाई आहे. आणि बायकांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं: विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे उत्पन्न कितीही असो, स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात अर्ज दिला आणि मला एक वकीलबाई मिळाल्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खालचा भरपाईचा अर्ज अपघातापासून 6 महिन्यांत करायचा, अशी तरतूद 1 एप्रिल 2022 पासून आहे. अपघात कुठेही झाला असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. चालक, मालक आणि विमा कंपनी, तिघेही अनावेदक, म्हणजे विरुद्ध पक्ष.

खरी लढाई उत्पन्नावरून झाली. उलटतपासणीत कंपनीचे वकील म्हणाले, "आप तो गृहिणी हैं. आयटी रिटर्न है?" रिटर्न नव्हता. माझ्याकडे होती डब्यांची वही. हळदीचे डाग पडलेली, दोन्ही बाजूंनी भरलेली : 'काका - रात्री नको', 'हॉस्टेल 4 - एकादशी, साबुदाणा', पुढे जमा रक्कम. वही मराठीत आणि कामकाज हिंदीत, म्हणून भाषांतर जोडावं लागलं. सोबत यूपीआयचे बँक स्टेटमेंट, अन्न परवाना विभागाची नोंदणी आणि दोन गिऱ्हाइकांच्या साक्षी. न्यायाधीशांनी वहीची पानं स्वतः उलटून पाहिली आणि महिना 12,000 उत्पन्न मान्य केलं.

दुसरा वाद टक्क्यांचा. मेडिकल बोर्डाने 18 टक्के अपंगत्व लिहिलं होतं. पण शरीराचं अपंगत्व आणि कमाईची हानी या वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात स्पष्ट केलं आहे. टेबलावर लिहिणाऱ्याचं मनगट आणि रोज किलोकिलोने कणीक मळणारीचं मनगट यांना एकच माप कसं लावणार? प्रमाणपत्र देणारे डॉक्टर साक्षीला आले, तेव्हा वकीलबाईंनी त्यांना नेमकं हेच विचारलं : हा हात कणीक मळू शकेल का, भरलेलं पातेलं उतरवू शकेल का? डॉक्टर म्हणाले, नाही. साक्षीला डॉक्टर येणं किती गरजेचं असतं, ते त्या दिवशी कळलं.

हिशेब असा झाला. वर्षाचे 1,44,000, चाळीस ते पन्नास वयाच्या स्वयंरोजगारी माणसाला भविष्यातल्या वाढीचे 25 टक्के धरून 1,80,000, माझं वय 43, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे गुणक (वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो वयानुसारचा आकडा) 14. झाले 25,20,000. कमाईची हानी बोर्डाप्रमाणे 18 टक्के धरली तर 4,53,600, आणि 25 टक्के धरली तर 6,30,000. मधे लोक अदालतीत कंपनीने 18 टक्क्यांच्या हिशेबाने तडजोड देऊ केली होती. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून दहादा विचार केला आणि नको म्हटलं. ज्यांना पैशाची तातडी आहे त्यांनी तडजोड घेतली तर त्यांना मी नावं ठेवणार नाही.

न्यायाधिकरणाने कमाईची हानी 25 टक्के धरली. दवाखान्याची बिलं, मदतनीस आणि वेदनेची रक्कम वेगळी, वर अर्जाच्या तारखेपासून व्याज. काही भाग बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा आदेश झाला. कंपनीने अपील केलं नाही. हातात आलेल्या पैशांतून कणीक मळायचं यंत्र घेतलं, पोळ्या लाटायला एक बाई पगारावर ठेवली आणि हॉस्टेलचे डबे पुन्हा सुरू केले.