गॅस भरायच्या आधी कंडेन्सर धुवा

नवतपा लागला की नागपुरात गाडीच्या एसीची एक तक्रार हमखास ऐकू येते: वर्धा रोडवर गाडी पळत असली की गारवा मिळतो, सिग्नलला थांबली की हवा कोमट. त्यावर सल्लाही ठरलेला, गॅस भरून घ्या. पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो, एवढंच. दर उन्हाळ्यात कमी पडत असेल तर कुठेतरी गळती आहे. आणि गाडी थांबल्यावरच गारवा जात असेल, तर आधी कंडेन्सर आणि पंखा बघा.

कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढची जाळी. टॉर्च मारून पाहिलं तर धूळ, किडे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर झडलेला कडुनिंबाचा मोहोर पातींमध्ये गच्च बसलेला दिसेल. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, साध्या नळाच्या पाइपने धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर नको, पाती आडव्या पडतात आणि हवेची वाटच बंद होते. काही गाड्यांत वरचं प्लास्टिक कव्हर काढलं की रेडिएटर आणि कंडेन्सरमधली फट उघडी होते. तिथून पाणी सोडलं तर घाण आली त्याच वाटेने बाहेर पडते. आधी चहासारखं पाणी येईल. ते स्वच्छ होईपर्यंत पाणी सोडत राहा.

मग एसी लावून पंखा बघा. बहुतेक गाड्यांत तो थोड्याच वेळात फिरायला लागतो. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले, म्हणजे पंख्याला वीज सोडणारा छोटा स्विच. फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, बऱ्याचदा हॉर्नचा. तो अदलाबदल करून पाहिला की दोष कळतो. हात मात्र लांब ठेवा, काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो.

केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. नवा बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेनेच ठेवा. फिल्टर चोंदला की कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो: अर्ध्या तासाने हवा येईनाशी होते, एसी दहा मिनिटं बंद ठेवला की परत येते. नव्या फिल्टरनंतरही तसंच होत असेल तर कॉइलजवळचा तापमान सेन्सर तपासायला हवा.

एवढं झाल्यावर मोजून बघा. गाडी उघड्यावर, सावलीत. आतली हवा फिरवणारं बटण चालू, इंजिन साधारण १५०० आरपीएमवर, दहा मिनिटं. बाहेर ४० अंश असताना मधल्या झरोक्यातून १० ते १५ अंशांची हवा येत असेल, तर गॅसला हात लावू नका.

कॅन आणून घरी गॅस भरणं आम्हाला पटत नाही. लहान गाड्यांत आर-१३४ए, म्हणजे एसीचा गॅस, साधारण ३५० ते ५०० ग्रॅम मावतो. नेमका आकडा बहुधा बोनेटखालच्या स्टिकरवर असतो. एसी बंद असताना ४० अंशांना गेजवर सुमारे १३३ पीएसआय दाब दिसतो, मग आत २०० ग्रॅम असो की ४००. जोवर आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक आहे, तोवर हा दाब तापमानावर ठरतो. म्हणून नुसत्या दाबावर ‘कमी आहे’ म्हणत वरून भरला की जास्तच जातो, आणि ऐन दुपारी हाय प्रेशर स्विच कंप्रेसर बंद करतो. आधीचा गॅस मशीनने काढून, निदान अर्धा तास व्हॅक्यूम धरून (म्हणजे आतली हवा ओढून काढून), वजनकाट्यावर मोजून भरणाऱ्याकडेच जा.

गळती शोधणं मात्र घरी जमतं. जोड, कंप्रेसरची पुढची बाजू आणि कंडेन्सरचा खालचा भाग बघा. जिथे धूळ तेलकट होऊन काळी चिकटली आहे, तिथे साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले की जागा सापडली. बारीक गळतीला फेस दाद देत नाही, तरी तेलाचा डाग मेकॅनिकला दाखवा. जोड उघडला की ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबरी कडी, नवीच टाकायची, कंपनीने सांगितलेल्या एसीच्या तेलाचं बोट लावून. जुनी ओ-रिंग दबून चपटी झालेली असते, ती परत बसवली तर पुढच्या उन्हाळ्यात तोच जोड पुन्हा गळतो.