पानाची दातेरी कड आणि इंग्रजी शब्द: अर्थ, उच्चार आणि माझा अनुभव

थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरावरून, म्हणजे वनस्पतींच्या वर्णनग्रंथावरून (1901 ते 1908), झाडं ओळखताना मला फुलापेक्षा पानाच्या कडेनेच जास्त अडवलं. सेरेट, डेंटेट, सेर्‍युलेट, क्रीनेट... कोश उघडावा तर बहुतेकांसमोर 'दातेरी' एवढंच. तेवढ्यावर झाड ओळखता येत नाही. म्हणून मी कोश बाजूला ठेवते आणि आधी दात बघते.

पूर्ण वाढलेलं पान घ्यायचं, कोवळं नको. दहापट भिंग डोळ्याला चिकटवून पान उजेडाकडे धरायचं आणि कडेचा मधला तिसरा भाग पाहायचा. देठाजवळ आणि टोकाशी दात बरेचदा बदलतात. जास्वंदीचं पान वरच्या भागात ठळक दातेरी असतं, देठाकडे मात्र कड सपाट. तिथलाच तुकडा पाहिला तर नोंद चुकणारच. आणखी एक तपासणी: खाच कडेपासून मधल्या शिरेपर्यंतच्या अंतराच्या पाव भागापेक्षा खोल गेली असेल, तर तो दात नव्हे, खंड, त्याचे शब्द वेगळे.

आता दाताची दिशा. टोक पानाच्या शेंड्याकडे झुकलेलं असेल तर सेरेट. लॅटिन 'सेरा' म्हणजे करवत. कडुनिंबाची किंवा गुलाबाची पर्णिका (संयुक्त पानातलं एकेक छोटं पान) पाहा. दात सरळ बाहेर रोखलेला, दोन्ही बाजू साधारण सारख्या, तर डेंटेट. कोरफडीच्या कडेचे काटे या जातीचे. दिशा डोळ्यांना पटत नसेल तर बोटाला पटते. उसाच्या पात्याच्या कडेवरून बुडाकडून शेंड्याकडे हलकेच बोट फिरवलं तर ते सरकतं. उलट फिरवलं की अडकतं, आणि जोर दिला तर कापतं. भिंगाखाली काचेसारखे बारीक दात शेंड्याकडे वळलेले दिसतात. ऊसतोडीत हात चिरतात ते यांच्यामुळेच. इतक्या बारीक दातांना सेर्‍युलेट म्हणायचं.

हे '-युलेट' शेपूट लक्षात ठेवलं की अर्धं काम झालं: सेरेटचं लहान रूप सेर्‍युलेट, डेंटेटचं डेंटिक्युलेट, क्रीनेटचं क्रेन्युलेट. उलट मोठ्या दातावर पुन्हा छोटे दात असले तर बायसेरेट, जसं हिमालयातल्या एल्म या झाडाचं पान.

उच्चारात घोळ होतो तो जोरामुळे. आपण मराठीत सगळी अक्षरं सारख्याच वजनाने म्हणतो, इंग्रजीत एकच अक्षर उचलायचं असतं. पानाचं विशेषण 'सेरेट' म्हणताना जोर 'से'वर. पण पाव कापायच्या सुरीला जो 'सेरेटेड' शब्द लावतात तो ब्रिटिश उच्चारात 'सि-रे-टिड', जोर 'रे'वर. अमेरिकेत जोर पुन्हा पहिल्या अक्षरावर. डेंटेटमध्ये जोर 'डें'वर, डेंटिक्युलेटमध्ये तो 'टि'वर सरकतो. क्रीनेटमध्ये 'ई' लांब, क्रेन्युलेटमध्ये मात्र आखूड 'ए'. हे कुणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. शेवटचं '-एट' दोन अक्षरी शब्दांत स्पष्ट म्हणावं. लांब विशेषणांत ते 'डेलिकट'सारखं '-अट' होतं: सेर्‍युलट, क्रेन्युलट. कोश काही ठिकाणी दोन्ही देतात, त्यामुळे वाद घालू नये.

क्रीनेटमध्ये टोकच नसतं. दात गोलसर, मधली खाच अरुंद. कातण्याने कातलेल्या करंजीची कड आठवा. पानफुटीचं पान याचा उत्तम नमुना, आणि तिथे खाचेलाच काम असतं: नवी रोपं त्या खाचांतूनच फुटतात. मंडूकपर्णीही क्रीनेट. याच कुळातला वाटणारा 'क्रेनेलेटेड' हा वास्तूचा शब्द, म्हणजे तटावर चर्या असलेला. जोर 'क्रे'वर. तो पानाला लावू नये.

रन्सिनेट आपल्याकडे कमी लागतो. त्यात खंडांची टोकं उलटी, देठाकडे वळलेली असतात. युरोपातल्या वर्णनांत डँडेलियनच्या पानाला हा शब्द हमखास भेटतो. जोर 'रन्'वर.

इरोज हा मात्र जपून वापरायचा शब्द. उच्चार 'इ-रोस', जोर 'रो'वर, शेवटी 'स'. अर्थ कुरतडल्यासारखी वेडीवाकडी कड, जशी कोकणातल्या भेरली माडाच्या पर्णिकेच्या टोकाला असते. खरंच किड्याने कुरतडलेलं पान इरोज ठरवणं ही नेहमीची चूक. त्यासाठी त्याच झाडाची चार-पाच पानं पाहावीत. किड्याने खाल्लेल्या जागी जखम सुकून तपकिरी रेघ उमटते आणि खाच शीर मध्येच तोडून जाते. जन्मजात कडेला असं काही नसतं.

करवतीचा ग्रीक शब्दही इंग्रजीत शिरला आहे. दक्षिण समुद्रातल्या काही पक्ष्यांना चोचीच्या दातेरी कडेवरून 'प्रायॉन' म्हणतात. स्पेलिंग तेच असलेला रोगकारक प्रथिनाचा शब्द स्टॅनले प्रुसिनर यांनी 1982 मध्ये वेगळ्याच शब्दांची अक्षरं जोडून बनवला. त्याचा करवतीशी संबंध नाही आणि त्याचा उच्चार 'प्रीऑन'.